सगळ्या कळपाला एकदम औषध पाजू नका
शेळ्या-मेंढ्यांना दर महिन्याला सरसकट जंतनाशक द्यायचं हा बेत आधी सोडा. मीही सुरुवातीला तेच केलं. दोन-तीन वर्षांत औषध लागू पडेना. औषधाला दाद न देणारे तेवढे जंत उरतात आणि त्यांचीच पिलावळ कुरणात पसरते.

त्यापेक्षा डोळे बघायला शिका. शेळ्या-मेंढ्यांचा खरा वैरी हिमाँकस, हा जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो. यात हगवण लागेलच असं नाही, म्हणून नवखा माणूस फसतो. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहा. लालभडक असेल तर जनावर ठीक; फिकट गुलाबी किंवा पांढरी दिसली, जबड्याखाली सूज आली, तर त्या जनावराला औषध द्यायला थांबू नका. पावसाळी, दमट दिवसांत दर पंधरवड्याला तरी बघाच. फामाचा नावाचं रंगतक्ता-कार्ड यासाठीच असतं, त्यात १ ते ५ अशा पायऱ्या आहेत.

विण्याच्या सुमारास मादीची प्रतिकारशक्ती उतरते आणि लेंड्यांतून अंडी भरमसाट पडतात. तेव्हा तिच्यावर आणि करडा-कोकरांवर जास्त लक्ष ठेवा.

डोस वजन करूनच, अंदाजाने नाही. शेळीला बऱ्याच औषधांची मात्रा मेंढीपेक्षा जास्त लागते, ती पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. दूध किती दिवस काढून टाकायचं तेही त्यांनाच विचारा, दुभत्या जनावरांना काही औषधं चालतच नाहीत. १०-१४ दिवसांनी लेंड्या तपासल्या की औषध लागू पडलं का ते कळतं.

आणि हो, गवत अगदी बुडापर्यंत चरू देऊ नका. जंतांच्या बहुतेक अळ्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच असतात.