स्पेनमधला टोमॅटो फेकण्याचा सण नक्की कसा असतो? त्यात कुणाला इजा होत नाही का?

हा सण म्हणजे 'ला टोमॅटिना'. व्हॅलेन्सियाजवळच्या बुन्योल या छोट्या गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी तो होतो. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, आणि त्या दिवशी बाहेरून त्याच्या दुप्पट माणसं येतात! गर्दी आवरेना म्हणून 2013 पासून तिकीट लावलं आणि साधारण 20,000 जणांची मर्यादा घातली. माझ्या मते हे फार आधीच व्हायला हवं होतं.

इजा टाळायला नियम अगदी साधे आहेत. टोमॅटो हातात चुरडूनच फेकायचा, बाटली आणायची नाही, कुणाचे कपडे फाडायचे नाहीत, टोमॅटो आणणाऱ्या ट्रकपासून लांब राहायचं. इशाऱ्याचा बार झाला की सुरू, तासाभराने दुसरा बार झाला की हात थांबलेच पाहिजेत. अरुंद गल्लीत तोवर घोट्यापर्यंत लाल रस्सा साचलेला असतो. डोळ्यांत आंबट रस गेला की खूप चुरचुरतं, त्यामुळे पोहण्याचा चष्मा लावाच. पायात घट्ट बसणारे जुने बूट हवेत, चप्पल पहिल्या पाच मिनिटांत जाते.

सुरुवात 1945 च्या सुमारास पोरांच्या भांडणातून झाली म्हणतात. पुढे बंदी आली, तेव्हा 1957 मध्ये गावकऱ्यांनी शवपेटीत भलामोठा टोमॅटो ठेवून, बँड लावून त्याची अंत्ययात्रा काढली. दोन वर्षांत परवानगी मिळाली. गावाचं हे प्रेम मला टोमॅटोफेकीहूनही जास्त भावतं.