लहान घरात अ‍ॅक्शन फिगर कशा मांडाव्यात?

तुमच्या साठ-सत्तर अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणाऱ्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, एकाच काचेच्या कपाटात दाटीवाटीने उभ्या आहेत, मागच्या रांगेतल्या दिसत नाहीत आणि काही हाताला चिकट लागू लागल्या आहेत, त्यामुळे मोठे कपाट घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझा स्पष्ट सल्ला असा की, कपाट तेच ठेवावे आणि निम्म्या फिगर खाली उतरवाव्यात.

चिकटपणाकडे आधी लक्ष द्यावे. बहुतेक फिगर पीव्हीसीच्या असतात आणि हे प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य उष्णतेने व कोंदट हवेत पृष्ठभागावर येते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने फिगर धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवावी. कापडी पोशाख किंवा स्टिकर असल्यास मात्र पाण्यात घालू नये. अधूनमधून कपाटाचे दार उघडे ठेवावे आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. एका फिगरचा मऊ रबरी झगा दुसरीच्या कडक प्लॅस्टिकला महिनोन् महिने टेकून राहिला, तर तिथला रंग विरघळून कायमचा डाग पडू शकतो, म्हणून दोन फिगरांमध्ये बोटभर तरी अंतर हवेच.

मांडणीत सर्वांत जास्त फरक पायऱ्यांनी पडतो. सहा इंची, म्हणजे सुमारे 15 सेंटिमीटरच्या फिगर असतील, तर मागची रांग 7-8 सेंटिमीटर उंच करावी आणि मागची फिगर पुढच्या दोघींच्या मधल्या फटीत उभी करावी. मग प्रत्येकीचा चेहरा आणि छाती मोकळी दिसते. अ‍ॅक्रिलिकच्या तयार पायऱ्या मिळतात, पण काळा कागद चिकटवलेले पुठ्ठ्याचे खोकेही हे काम उत्तम करते. एका फळीवर एकाच प्रमाणाच्या फिगर ठेवाव्यात. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असला तरी शोभतो, पण 1/12 प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या उंचीच्या बाराव्या भागाएवढ्या, योद्ध्याशेजारी 1/6 प्रमाणाचा, जवळजवळ 30 सेंटिमीटर उंचीचा योद्धा उभा केला की दोघेही खोटे वाटू लागतात.

एलईडी पट्टी फळीच्या मागे न लावता वरच्या फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने लावावी, म्हणजे प्रकाश चेहऱ्यांवर पडतो. मागून प्रकाश आला तर फक्त काळ्या आकृत्या उरतात. पट्टीचा अ‍ॅडॉप्टर तापतो, तो कपाटाबाहेर ठेवावा. खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर कपाटाची जागाच बदलावी, कारण काच बंद असली तरी अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो आणि पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते.

उन्हाळ्यात मऊ घोट्यांची फिगर हळूहळू पुढे झुकते, म्हणून धावण्याच्या किंवा उडी मारण्याच्या पवित्र्यातल्या फिगरला कमरेशी धरणारा पारदर्शक स्टँड द्यावा. वाकलेला पाय गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा, म्हणजे तो त्याच आकारात राहतो.

उतरवलेल्या फिगर माळ्यावर टाकू नयेत; वरच्या मजल्यावरच्या घरात स्लॅबखालची ती जागा सर्वांत जास्त तापते. कपाटाच्या तळच्या खणात, प्रत्येक फिगर कोऱ्या पांढऱ्या कागदात वेगळी गुंडाळून ठेवावी. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई मऊ प्लॅस्टिकवर उतरते.