बरं वाटतंय, मग गोळी थांबवू का?

या वेळी डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. त्यातली दोन तातडीची होती, त्यांना अंकाची वाट न बघता लगेच फोन केला, आणि त्यांच्या परवानगीनेच ती इथे घेतलीत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. आणि एक, हे सदर वाचून स्वतःचा डोस कमी-जास्त करू नका, तुमचे रिपोर्ट आणि बाकीची औषधं तुमच्या डॉक्टरांसमोर असतात, माझ्यासमोर नसतात.

प्रश्न : डॉक्टर, मी ३६ वर्षांची, शाळेत शिकवते, सातारा जिल्ह्यात राहते. चार महिन्यांपूर्वी डिप्रेशनचं निदान झालं, तेव्हापासून रोज रात्री एक गोळी आहे. आता झोप लागते, वर्गात लक्ष लागतं, स्वयंपाक करावासा वाटतो. सासूबाई म्हणतात बरी झालीस ना मग कशाला रोज ते पोटात घालतेस, सवय लागेल. मधे गावी लग्न होतं, गोळ्या संपल्या, तीन-चार दिवस घेतल्याच नाहीत तर नुसती चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं, रात्री घाबरून जाग. म्हणजे सवय लागलीच ना? थांबवू का? गोळीचा फोटो पाठवतेय.

उत्तर : ताई, आत्ता थांबवू नका, आणि अशी एकदम तर कधीच थांबवू नका.

फोटोत स्ट्रिपची मागची बाजू आलीय ते फार बरं झालं. पुढे कंपनीने दिलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं पण आत खरं काय आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि तुमच्या गोळीत एक नाही दोन औषधं आहेत, एसिटालोप्राम १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. ही दोन औषधं एकाच गोळीत आपल्याकडे खूप लिहून दिली जातात, पेशंटला मात्र बरेचदा पत्ताच नसतो की आपण दोन वेगवेगळ्या जातीची औषधं घेतोय.

एसिटालोप्राम हे डिप्रेशनवरचं औषध. त्याचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ. गंमत म्हणजे मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, अस्वस्थपणा हे सगळं मात्र पहिल्याच आठवड्यात येतं, आणि तिथेच कितीतरी लोक गोळी सोडून देतात. हा त्रास बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत कमी होतो, जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ आणखी कमी. हा मधला काळ निभावा म्हणून डॉक्टर सोबत क्लोनाझेपाम देतात, ते पहिल्याच रात्री झोप आणतं, धडधड कमी करतं. पण त्याचं काम खरं तर काही आठवड्यांपुरतं, आणि सवय लागण्याची जी भीती सासूबाईंना वाटतेय ती या दुसऱ्या औषधाबाबत खरी आहे. रोज बरेच महिने घेतलं तर शरीराला ते लागतं, आणि एकदम बंद केलं तर झोप उडते, हात थरथरतात, काही जणांना फिटसुद्धा येऊ शकते.

एसिटालोप्रामचं तसं नाही. त्याची तलफ येत नाही, तेवढ्याच परिणामासाठी डोस वाढवत न्यावा लागत नाही. मात्र मेंदू त्याला सरावलेला असतो म्हणून ते अचानक काढून घेतलं की दोन-तीन दिवसांत चक्कर, करंट, चिडचिड, विचित्र स्वप्नं सुरू होतात. लग्नात तुम्हाला जे झालं ते दोन्ही औषधं एकाच दिवशी बंद पडल्यामुळे झालं. त्याचा अर्थ आजार उलटला असा नाही आणि तुम्ही व्यसनी झालात असाही नाही. आजार उलटतो तेव्हा सहसा काही आठवड्यांनी हळूहळू जुनी लक्षणं परत येतात, सकाळी उठावंसं वाटत नाही, रडू येतं. करंट आणि चक्कर लगेच दोन-तीन दिवसांत आली आणि गोळी परत घेतल्यावर चटकन थांबली तर ती औषध तुटल्याची खूण.

आता किती दिवस घ्यायची ते. पहिल्यांदाच डिप्रेशन आलेलं असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून पुढे निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. गोळी सुरू केल्यापासून नव्हे, बरं वाटायला लागल्यापासून, इथे खूप जणांचा हिशोब चुकतो. आधी एक-दोनदा येऊन गेलं असेल तर दोन वर्षं किंवा जास्तही. तुम्हाला बरं वाटतंय ते गोळीच्या आधाराने वाटतंय आणि हा आधार लवकर काढला तर डिप्रेशन परत यायची शक्यता खूप वाढते, एवढं सासूबाईंना सांगा. त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या व्हिजिटला त्यांनाच सोबत घेऊन जा, त्यांचे प्रश्न त्यांना स्वतः डॉक्टरांना विचारू द्या. त्यांना तुमची काळजी आहे हे पत्रातून दिसतंय.

त्या व्हिजिटला तुम्ही एकच गोष्ट नक्की विचारा, यातलं क्लोनाझेपाम वेगळं काढून आता हळूहळू कमी करता येईल का. घरी गोळी अर्धी करून हा प्रयोग करू नका, कारण गोळी मोडली की दोन्ही औषधं अर्धी होतात, जे कमी करायचं तेही आणि जे टिकवायचं तेही. डॉक्टर दोन वेगळ्या गोळ्या लिहून देतील आणि मग एकेक करून उतरवतील, एसिटालोप्रामची वेळ येईल तेव्हा तेही काही आठवडे किंवा महिने घेऊन. आणि पाच-सहा गोळ्या उरल्या की तेव्हाच नवी स्ट्रिप आणा. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची दिली किंवा जनऔषधी केंद्रातून घेतली तरी चालेल, मागे तेच औषध आणि तेवढेच मिग्रॅ आहेत एवढं वाचून घ्या.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत, नाशिकला असतात. आई गेल्यापासून जेवण तुटलं, गप्प गप्प राहायचे, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सर्ट्रालिन सुरू केलं. बीपीची गोळी जुनीच आहे. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेतात. चार दिवसांपासून ते भ्रमिष्टासारखं बोलतायत, तोल जातोय, काल बाथरूमपाशी पडता पडता वाचले. घरचे म्हणतात वय झालं आणि गोळीची गुंगी आहे. गोळी बंद करू का?

उत्तर : दादा, आपलं फोनवर बोलणं झालंच, पण हे सगळ्यांनी वाचावं म्हणून घेतेय. तुम्ही बीपीच्या गोळीचं नाव वाचून दाखवलंत तेव्हा त्यात टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड निघालं. ही लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी गोळी, आणि सर्ट्रालिनच्या गटातली डिप्रेशनवरची औषधं शरीरात पाणी जास्त धरून ठेवायला लावतात. दोन्ही एकत्र आली, त्यात वय साठच्या पुढे, त्यात जेवण कमी, की रक्तातलं सोडियम घसरतं. बहुतेक वेळा हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतं. सोडियम १३५ ते १४५ हवं, बाबांचं १२१ आलं. ना वय झालं होतं ना गुंगी होती. वेळेवर ॲडमिट केलंत म्हणून बरं झालं, याहून खाली गेलं असतं तर फिट येऊ शकली असती. आणि असं सोडियम घरी मीठपाणी पाजून वाढवायच्या भानगडीत कुणी पडू नका, ते हळूहळूच वाढवावं लागतं, भराभर वाढलं तर मेंदूला इजा होते.

म्हणून ज्यांच्या घरी साठीच्या पुढचं कुणी या गोळ्या सुरू करणार असेल त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारा की सोडियमची तपासणी सुरुवातीला आणि दोन-तीन आठवड्यांनी परत करायची का. साधी रक्ताची टेस्ट आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते.

गुडघ्याच्या गोळीचं वेगळं. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन या औषधांनी रक्त गोठण्याची ताकद थोडी कमी होते, सोबत डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज पोटात गेलं तर जठरातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर आणखीच. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवा. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये. आणि पुढच्या वेळी सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्ण आणि मेडिकलमधून आणलेलं मलमसुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता, आठवून सांगण्यात नेमकं महत्त्वाचं राहून जातं.

प्रश्न : मी २० वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलला आहे. फ्लुओक्सेटिन सुरू करून आठ दिवस झाले. आधी नुसता पडून असायचो, आता एका जागी बसवत नाही, आतून कसंतरी होतं, झोप गेली आणि मरायचे विचार आधीपेक्षा जास्त येतायत. घरी माहीत नाही. डॉक्टरांची तारीख अजून वीस दिवसांनी आहे.

उत्तर : तू हे लिहिलंस हे खूप चांगलं केलंस. फोनवर म्हटलं तेच परत, तारखेपर्यंत थांबायचं नसतं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं असतं.

पंचविशीच्या आतल्या काही जणांना पहिल्या आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर असं होतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ साली मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीत घालायला लावला. म्हणजे तरुणांनी औषध घेऊच नये असं नव्हे, उपचाराशिवाय राहिलेलं डिप्रेशन स्वतःच जीवघेणं असतं. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे कुणीतरी रोज लक्ष ठेवायला हवं, आणि तुझ्या बाबतीत घरी कुणाला माहीतच नाही, हे मला औषधाहून जास्त काळजीचं वाटलं. तू ताईला सांगितलंस, ती येऊन राहिली, डॉक्टरांनी डोस बदलला, बरं झालं. गोळ्यांची स्ट्रिप सध्या तिच्याकडेच राहू दे, रोज एक तिने द्यायची.

हे वाचणाऱ्या कुणाला असे विचार येत असतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि विचार फार जोरात असतील तर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, कुणाला तरी सोबत घेऊन.

एक उलटी बाजूही बघून ठेवा. गोळी सुरू झाल्यावर एकाएकी उत्साह ऊतू जायला लागला, तीन तास झोपून पुरतंय, बोलणं थांबत नाही, वारेमाप खरेदी चाललीय, तर घरच्यांनी खूश होऊन बसू नये. मूळ आजार बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह असा, असू शकतो आणि मग औषधाची दिशाच बदलावी लागते. कुटुंबात कुणाला तो आजार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

प्रश्न : वय ४२. सर्ट्रालिनने मन ताळ्यावर आलं पण संबंधांत अडचण यायला लागलीय, बायकोचा गैरसमज होतोय. डॉक्टरांना कसं विचारू? शिवाय शनिवारी दोन पेग चालतात का?

उत्तर : असंच विचारा, जसं मला विचारलंत. इच्छा कमी होणं, वेळ लागणं हा या औषधांचा अगदी नेहमीचा साइड इफेक्ट आहे, बायकांनाही होतो, आणि लाजेपोटी न सांगता गोळी गुपचूप सोडणारे खूप आहेत. डोस कमी करून बघता येतो, किंवा बुप्रोपियॉन, मिर्टाझॅपिनसारखं हा त्रास कमी देणारं औषध देता येतं. पत्नीला हे वाचायला द्या.

दारू नको. ती स्वतःच मन खाली ओढते, झोप मोडते, आणि सोबत क्लोनाझेपाम असेल तर श्वासावर परिणाम होऊ शकतो.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, सर्दी-खोकल्याचं सिरप घेताना त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे का ते बघा, आणि अंगदुखीसाठी कुणी ट्रॅमाडॉल दिलं तर आधी सर्ट्रालिन चालू आहे हे सांगा. ही एकत्र झाली तर शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन फार वाढू शकतं. घाम, थरथर, ताप, जुलाब, छातीत धडधड, स्नायू ताठ, गोंधळल्यासारखं होणं असं काही तासांत सुरू झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि दोन्ही औषधांच्या स्ट्रिप सोबत न्या.

प्रश्न : रात्रीची गोळी विसरले तर सकाळी दोन घेऊ का? (ठाण्याच्या वाचक)

उत्तर : दोन कधीच नाही. रात्रीच थोड्या वेळाने आठवलं तर घ्या, सकाळ होऊन गेली असेल तर ती सोडून द्या आणि रात्री नेहमीच्या वेळी नेहमीची एक. गोळीत क्लोनाझेपाम असेल तर सकाळी घेऊन स्कूटर चालवत ऑफिसला जाणं तर मुळीच नको. विसरणं वारंवार होत असेल तर सात कप्प्यांचा औषधाचा डबा मिळतो तो आणा, कप्पा रिकामा दिसला की घेतली की नाही हा प्रश्नच उरत नाही.