वाचक विचारतात: कळकळ आहे, मग डिग्री कशाला?

प्रश्न: ताई, मी बारा वर्षं एका संस्थेत स्वयंसेवक आहे. आता पगारी जागा निघाल्यात तर म्हणे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मास्टर्स डिग्री झालेलेच पाहिजेत. माणसांबद्दल कळकळ असली की झालं ना, त्याला युनिव्हर्सिटीचा कागद कशाला?

उत्तर: तुमचा राग समजतो, आणि बारा वर्षांच्या कामाला काहीच किंमत न देणारी भरती मलाही पटत नाही. पण नुसती कळकळ पुरते का, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. तेव्हा अमेरिकेत गरिबांच्या घरी जाणारे धर्मादाय संस्थांचे लोक चांगल्या मनाचेच होते, फक्त हे कुटुंब मदतीला लायक आहे की नाही हे ठरवायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला होता, म्हणजे घरातला पुरुष दारू पितो म्हणून पोरंही उपाशी राहिली तरी चालतील असा हिशोब होऊ शकायचा. या कामासाठी ट्रेनिंग स्कूल हवं असं अशाच धर्मादाय संस्थांत काम करणाऱ्या मेरी रिचमंड १८९७ मध्ये जाहीरपणे बोलल्या, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे कोलंबिया विद्यापीठाचं सोशल वर्क स्कूल उभं राहिलं.

डिग्रीत मानसशास्त्र, कायदा, संशोधन सगळं येतं, पण ते वाचूनही मिळेल. वाचून मिळत नाही ते फिल्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेलं काम, अमेरिकेत एमएसडब्ल्यूला ते कमीत कमी ९०० तास करावं लागतं, आणि प्रत्येक भेटीत काय झालं, कोण काय बोललं हे लिहून सुपरवायझरसमोर ठेवायचं. माझ्या पहिल्या वर्षीच्या, एका बाईंच्या घरी दिलेल्या भेटीच्या रिपोर्टमध्ये सुपरवायझरनी जिथं जिथं ‘मी समजावलं’, ‘मी सांगितलं’ होतं तिथं लाल रेघ मारली आणि खाली एवढंच लिहिलं, ‘त्या काय म्हणाल्या?’ मला आठवेना हो! पाऊण तास त्यांच्या घरात बसून आले होते आणि त्यांचं एक वाक्य सांगता येईना. बारा वर्षांत तुम्हाला असं कोणी अडवलं असेल तर डिग्रीतलं अर्धं शिक्षण तुमचं झालंय, नसेल तर एखादा पार्टटाइम कोर्स खरंच बघा.

प्रश्न: मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी एक क्लायंट मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत गेली. मी दोन महिने धडपडले होते, मला भयंकर चीड आली. सुपरवायझर म्हणाले तिचा निर्णय आहे, मान्य कर. हे मूल्य आहे का हात झटकणं?

उत्तर: अगं दोन्ही असू शकतं, पुढे तू काय करतेस त्यावर ठरेल. समाजकार्याचे अमेरिकन प्राध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामाची सात तत्त्वं मांडली, त्यात क्लायंटचा स्वयंनिर्णय आहे, तसंच दोषी न ठरवणं आणि स्वतःच्या भावना ताब्यात ठेवून गुंतणंही आहे. परीक्षेत ही सात ओळीनं लिहिता येतात पण खरी कळतात ती अशी चीड येते तेव्हाच. अशा बायका बऱ्याचदा दोनतीनदा परत जातात, पैसा नसतो, मुलं असतात, आणि घर सोडायची वेळच कित्येकदा सगळ्यात धोक्याची असते हे तिला तुझ्यापेक्षा जास्त माहिती असतं. ‘तिचा निर्णय’ म्हणून फाइल बंद केलीस तर ते हात झटकणंच झालं. तिच्याशी बोलून ठरव की कागदपत्रं कुठं ठेवायची, कोणता नंबर पाठ असू दे, रात्री निघावं लागलं तर कोणाकडे जायचं, आणि परत यावंसं वाटलं तर तुझ्यासमोर यायला तिला लाज वाटू नये असं वाग, म्हणजे ‘मी सांगत होते ना’ हे तोंडातून येता कामा नये. जिवाला धोका आहे किंवा मुलांना इजा होतेय असं दिसलं तर स्वयंनिर्णयाला मर्यादा आहे, तिथं सुपरवायझरशी बोलून कायद्यानुसार पावलं उचलायचीच, आणि ही मर्यादा कामाच्या सुरुवातीलाच क्लायंटला सांगायची असते, जे आपण बरेचदा विसरतो.

प्रश्न: संस्थेच्या पेजवर लाभार्थ्यांचे फोटो टाकतो, तोंडी परवानगी घेतो. चालेल ना?

उत्तर: मदत तुमच्या हातात असताना समोरच्या बाईला ‘नको’ म्हणता येत होतं का, हे आधी बघा. मला तरी ती परवानगी वाटत नाही. आहेत ते फोटो आजच पेजवरून काढून टाका आणि ज्यांचे होते त्यांना भेटून तसं सांगा. यापुढे कोणाचा टाकायचाच असेल तर मदत देऊन झाल्यावर, वेगळ्या दिवशी, दुसऱ्या कार्यकर्त्याला विचारायला पाठवा.