मोडल्या की गहाण टाकल्या?

प्रिय मुली,

तुझी कथा दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सोबतचं पत्र मात्र एकदाच वाचलं, कारण वाचून वैताग आला. ‘काका, कार्यशाळेत सगळे म्हणाले पात्रं खोटी वाटतात. म्हणून मी पात्रांच्या ओळखीचा तो चाळीस प्रश्नांचा तक्ता पुन्हा भरला, तरी जमत नाहीये. बहुतेक मला माणसं कळतच नाहीत.’

माणसं तुला कळतात. पहिल्याच पानावर तुझा मामा उसाच्या फडाशी येतो आणि मोटारसायकलवरून न उतरता, इंजिन चालू ठेवून ऊसतोड मजुरांच्या टोळीला हाक मारतो. ही ओळ लिहिणाऱ्या मुलीनं ‘मला माणसं कळत नाहीत’ म्हणून रडू नये. अडलंय ते दुसरीकडेच, आणि तिथं तुला कुणी बोट लावून दाखवलेलं दिसत नाही.

तुझ्या त्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईनं मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, उचल किती घेतली होती? हंगामाआधीचे आगाऊ पैसे गं.

सोळा पानांत कुठे आकडा सापडत नाही. त्या तक्त्यात तू लिहिलंयस: आवडता रंग निळा, सर्वांत मोठी भीती एकटेपणा. अगं, पहाटे चारला कोपीतून, त्या पाचटाच्या झोपडीतून, उठून थंडीत फडात उतरणारी, दिवसाला दीड-दोन टन ऊस नवऱ्याबरोबर तोडणारी बाई ही. तिला एकटेपणाची भीती वाटत नसेल असं नाही. पण त्या भीतीच्या आधी रांगेत खाडा उभा आहे. एक दिवस अंगात ताप भरला, पाळीचं दुखणं उठलं, फडात जाता आलं नाही, की त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर दंड. बीड जिल्ह्यातल्या किती बायकांनी ऐन उमेदीत गर्भपिशव्या काढून घेतल्या, ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. त्या बातम्यांमध्ये खाडा हा शब्द होता. तुझ्या कथेत नाही. निळा रंग आहे.

मी चिडलो की असं बोलतो, मनावर घेऊ नकोस. म्हणजे घेच, पण रुसू नकोस.

आता चौदाव्या पानावर ये. ट्रॉली उलटते आणि नवरा जातो. पुढे दीड पान रडारड, मग मावळता सूर्य, मग ‘ती शून्य नजरेनं क्षितिजाकडे पाहत राहिली’, आणि कथा संपते. माझी पेन्सिल तिथंच मोडली म्हण. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तूच दुसऱ्या पानावर सांगितलंस. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यात मुकादम घरी येऊन उचल देऊन गेला ती पूर्ण कोयत्याची. ती खर्चही झाली असणार, थोरलीच्या लग्नात किंवा सासऱ्याच्या दवाखान्यात. आता पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, अडीच महिने आहेत आणि फेडायला अर्धा कोयता उरलाय. तुझी कथा इथं सुरू होते. तू इथं ती संपवलीस!

दहाव्याला मुकादम येईल. चहा घेणार नाही. ‘हिशोबाचं मागनं बघू’ म्हणेल, आणि त्या क्षणी बाईला कळेल की हिशोब आजच सुरू झाला. दीर म्हणेल, वहिनी, माझ्या टोळीत या. कशाला म्हणतोय? दया येऊन, की त्याच्याही टोळीत एक जण कमी पडलाय म्हणून? दोन्ही असेल. सोळा वर्षांचा मुलगा आहे ना तिला? कोयता पूर्ण व्हावा म्हणून त्या भागात पोरांची लग्नं उरकतात, तुला ठाऊक आहे. मग सून आणायची चर्चा सुतक फिटायच्या आत निघेल, आणि काढणारी दुसरीतिसरी कुणी नसेल, तीच असेल. हे लिहिताना तुझा हात कापेल. कापू दे. वाचकाला ती तेव्हा खरी वाटेल, कारण ती चुकीचं वागतेय आणि का वागतेय ते आपल्याला रुपयात कळलंय.

मुकादमाचंही तसंच. काळा गॉगल, गळ्यात चेन, तोंडात गुटखा. हा माणूस तू सिनेमातून उचललास. खऱ्या मुकादमानं कारखान्याचा ऊस वाहणाऱ्या वाहतूकदाराकडून सगळ्या टोळीची उचल स्वतःच्या सहीवर उचललेली असते. टोळी पळाली तर वाहतूकदार त्याच्या दारात येऊन बसतो. तोही दहाव्याला घाबरून आलेला असू शकतो. त्याला चांगला माणूस कर असं मी म्हणत नाही. त्याचा महिना कसा भागतो ते शोध, मग तो चांगला की वाईट ते तुला ठरवावं लागणार नाही.

हेच मी गेली तीस वर्षं सांगत आलोय, ऐकणारे कमी. पात्र उभं करायचंय? त्याचा महिना कसा भागतो ते आधी लिही. पैसा येतो कुठून, कोणत्या तारखेला, पहिला कुणाच्या हातात पडतो, कुणाला कळू न देता किती बाजूला ठेवला जातो. मन-बिन मागाहून. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, विकून जी रोख रक्कम मिळते, ती तुझ्या कथेत कुणाकडे जाते? नवरा घेत असेल तर एक संसार, ती कनवटीला लावत असेल तर दुसरा. ती लावते आणि नवरा बघून न बघितल्यासारखं करतो, हा तिसरा, आणि मला विचारशील तर यात प्रेम सर्वांत जास्त. प्रेम हा शब्द न वापरता.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. आमचे वडील परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. चाळीत नवीन आलेल्यांना वाटे, यांच्याकडे रोज भांडण होतं. आई खानावळ चालवायची, चौदा जण जेवायला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. चौदातले नऊ जण महिन्या-दोन महिन्यांत गावाला निघून गेले, थकलेले पैसे तसेच ठेवून. मी एकोणीस वर्षांचा होतो, कविता करत होतो.

1987 साली एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेसाठी मी त्या दिवसांवर कथा लिहिली. त्यात संपातल्या कामगाराची बायको ‘थरथरत्या हातांनी बांगड्या उतरवते’ आणि त्यांचे पैसे करते. पहिलं बक्षीस मिळालं. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ओळीखाली बोट ठेवत तिनं दोन दुपारी बसून कथा वाचली. मी शेजारी वाट बघत बसलेलो, तिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून. तिनं चष्मा काढला आणि विचारलं, “बरं लिहिलंयस. पण ह्या बाईनं बांगड्या मोडल्या की गहाण टाकल्या?”

मी म्हणालो, “आई, कथा आहे ती. काय फरक पडतो?”

तिनं अंक मिटला आणि तांदूळ निवडायला घेतले.

फरक कळायला मला सहा-सात वर्षं लागली, तीही पतपेढीत सोनेतारणाच्या टेबलावर बसल्यावर. मोडून आलेलं माणूस सराफाच्या दुकानातून मोकळं बाहेर पडतं. गहाण ठेवणारं चिठ्ठीची चौघडी करून बटव्यात ठेवतं, आणि तिथून पुढे दर महिन्याला व्याज. बांगड्या मोडणाऱ्या बाईनं, संप हरलाय हे नवऱ्याच्या आधी ओळखलेलं असतं. गहाण टाकणारीला वाटतं, तो मिटणार आहे, गणपतीपर्यंत, फार तर दिवाळीपर्यंत. आणि तो संप तर रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. मग तिनं गहाण सोडवायचं कधी? एका शब्दाच्या फरकात दोन वेगळ्या बायका होत्या, आणि मी ‘पैसे केले’ लिहून दोघींना पुसून टाकलं. थरथरते हात तेवढे ठेवले.

आईनं स्वतः काय केलं होतं, ते मी विचारलं नाही. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या एवढं आठवतं. ती 2003 मध्ये गेली. कथा पुस्तकात घेताना मी ‘गहाण टाकल्या’ करून घेतलं. अंदाजानं.

तू म्हणशील, पतपेढीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळीकडे व्याजच दिसणार. दिसू दे की. एका समीक्षकानं माझ्या कादंबरीबद्दल लिहिलं होतं, ‘यात माणसांपेक्षा किराणा जास्त आहे.’ लोक हसले. मीही वरवर हसलो आणि पुढची अकरा वर्षं काही छापायला दिलं नाही. आता वाटतं, मूर्खपणा केला. तो किराणाच माझा होता. माझ्यासारखे उधारीच्या वहीवर वाढलेले लेखक मराठीत काही कमी नाहीत, पण लिहायला बसले की एकदम आत्म्याविषयी बोलायला लागतात.

बरं, हे फक्त गरिबांच्या गोष्टींना लागू आहे असं समजू नकोस. बाल्झाकची 1835 सालची गोरिओ म्हाताऱ्याची कादंबरी मी ग्रंथालयातून इंग्रजीत आणून वाचली. पॅरिसमधल्या एका खाणावळवजा घरात हा श्रीमंत म्हातारा वर्षाला 1,200 फ्रँक देऊन पहिल्या मजल्यावर राहायला येतो. दुसऱ्या वर्षाअखेर वरच्या मजल्यावर, 900 फ्रँकांत. पुढे आणखी वर, महिना 45 फ्रँक. तपकीर सुटते, केस विंचरणारा न्हावी बंद होतो. लेकी बापाला कशा पोखरतायत ते कळायच्या आधीच आपण त्याच्याबरोबर जिना चढत असतो. जिन्याच्या त्या ओळींशेजारी मी पेन्सिलीनं ‘आई’ असं लिहिलं होतं. ग्रंथालयाचं पुस्तक, लिहायला नको होतं.

पतपेढीतलंच एक सांगतो, हवं तर तू वापर. दोन सख्खे भाऊ, बारा वर्षं एकमेकांशी बोलणं नाही. पण थोरल्याच्या कर्जाला धाकटा जामीन. दर महिन्याच्या दहा-अकरा तारखेला धाकटा यायचा, काउंटरला टेकून हळूच विचारायचा, “भरलाय का?” मी खातं उघडून दाखवायचो. मान हलवायचा आणि जायचा. एकदा हप्ता आला नव्हता. तो काही बोलला नाही. खिशातून पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि म्हणाला, पावतीवर त्याचंच नाव टाका. तुमचा तो तक्ता या माणसाची ‘सर्वांत मोठी भीती’ कुठल्या रकान्यात भरणार?

भाषेचं राहिलं. तुझी बाई मामाशी ‘व्हय जी, मालक’ असं बोलते. हे कुठल्याही तालुक्यात बोलत नाहीत, पडद्यावरच्या खेड्यात बोलतात. ती बीडकडच्या केजची, फड सांगलीकडचा. ती घरच्यांशी ‘काय करायलीस’ म्हणेल, मामाशी जेवढ्यास तेवढं बोलेल, आणि त्याचं बोलणं तिला अर्धं परकं वाटेल. दोन गावांची भाषा एका फडात आहे, तिचा उपयोग कर. आणि तिला बोलायला लावताना लक्षात ठेव, जिच्यावर देणं असतं ती सरळ ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघते’ म्हणते. तुझ्या कथेत ती चार वेळा ठणकावून नाही म्हणते. तुला आवडतं म्हणून म्हणते. मलाही आवडलं असतं, पण तिला परवडतं का?

तुझी खरी अडचण मला कळते. तू बांधावरच्या बाजूची, मामाकडची. फडात उतरून कुणाला ‘उचल किती’ विचारणं तुला आगाऊपणाचं वाटतं. आहेच तो. मीही वीस-एकवीस वर्षं तो टाळला, घरातल्या घरात टाळला. पण यंदा दिवाळीनंतर मामाकडे टोळी उतरेल तेव्हा जा. मामाला विचारू नकोस, त्याला टनाचा भाव माहीत असतो, बाकी काही नाही. मामीला विचार. वाढे न्यायला, पाणी भरायला बायका तिच्याशी बोलतात, उसनं तेल-मीठ तिच्याकडून जातं. वही काढू नकोस. दोन दिवस पाणी भरायला उभी राहा, तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुलाच विचारेल, “ताई, तुम्हाला पगार किती?” खरं सांग. कमी करून सांगू नकोस आणि जास्तही नको. मग ती तिचं सांगेल.

कथा परत पाठवतोय, टपालानं. समासातल्या खुणा वाईट अक्षरात आहेत, सांभाळून घे. मामाच्या मोटारसायकलला हात लावू नकोस, ती आहे तशी राहू दे. सूर्य काढून टाक. आणि दुसरा खर्डा पाठवशील तेव्हा वर एका चिठ्ठीवर फक्त आकडा लिही, उचलीचा. तो कळल्याशिवाय मी पहिलं पान उलटणार नाही.

तुझा,
काका