‘माझ्या विषयाची जागाच निघत नाही’

पीएच.डी. संपत आलेले संशोधक पुढच्या वाटचालीविषयी बोलायला माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची काळजी एकच असते: आपल्या विषयात पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनपदाच्या, जागाच निघत नाहीत. अरेखीय गतिकी (कारणाच्या प्रमाणात परिणाम बदलत नाही अशा प्रणालींचा अभ्यास) आणि द्रवगतिकी या क्षेत्रांतल्यांकडून ती अधिकच ऐकू येते, कारण नेमक्या त्या नावाची जाहिरात खरोखरच क्वचित दिसते.

त्यांच्यापैकी एका संशोधिकेचा प्रबंध टेलर-कुएट प्रवाहावर होता. एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांपैकी आतले फिरवले, की ठरावीक वेगानंतर मधल्या द्रवात भोवऱ्यांची वलये एकावर एक रचली जातात. १९२३ साली जी. आय. टेलर यांनी ही अस्थिरता उलगडून दाखवली.

“मॅडम, जाहिराती ज्वलनाच्या, हवामानाच्या. त्यात मी कुठे बसते?”

“विषयाचं नाव न घेता सांगा, तुम्ही काय शोधता?”

तिने माझ्या टेबलावरच्या रिकाम्या पेनस्टँडमध्ये पेन उभे धरून फिरवले. “वेग वाढवत नेला की शांत प्रवाह कुठे बिघडतो आणि का, हे.” पेन तसेच धरून ती थांबली. “ज्वलनकक्षातल्या कंपनांतही बाइफर्केशनच, म्हणजे वागणूक एकदम बदलते तो बिंदूच, बघतात. आयआयटी मद्रासला ते काम चालतं.”

हे वाक्य तिच्या तोंडून आले, याला माझ्या लेखी मोल आहे. उत्तर समोरच्यापाशी असते आणि आपण प्रश्न तेवढा नीट विचारायचा, ही माझी जुनी धारणा. सल्ले देऊन मोकळे होणाऱ्यांशी माझे म्हणूनच जमत नाही.

तरीही काही गोष्टी सांगाव्याच लागतात. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटासाठी यजमान प्राध्यापक उमेदवारानेच शोधायचा असतो आणि पीएच.डी. होऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटलेला चालत नाही. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपला ही मर्यादा पीएच.डी.नंतरच्या ८ वर्षांच्या संशोधन-अनुभवाची आहे. मात्र आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे लागते. तेव्हा ग्योटिंगेनची गतिकी व स्वयंसंघटनाची माक्स प्लांक संस्था असो की बेंगळुरूचे सैद्धांतिक विज्ञानांचे आंतरराष्ट्रीय केंद्र आयसीटीएस, तिथल्या गटांचे ताजे शोधनिबंध वाचून आपणहून लिहिणे भाग आहे. तिच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात स्वतःच्या निबंधांची यादीच होती. ती खाली सरकवून, त्या गटाच्या कामाविषयीचा एक नेमका प्रश्न तिने वर आणला, आणि मग उत्तरे येऊ लागली. पदवी हाती पडली की वर्षे मोजली जाऊ लागतात, म्हणून हा पत्रव्यवहार प्रबंध सादर करण्यापूर्वीच सुरू करावा.