इंग्रजी शिकवण्यात परत यायचंय? कोर्सच्या आधी विद्यार्थी शोधा

तुम्ही विचारलंय की सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स, करून मस्कतला काही वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत होतात, मग मुलगी झाली, ठाण्यात परत आलात, मध्ये सहा वर्षं गेली, आणि आता परत सुरवात करायची तर जुनं सर्टिफिकेट चालेल का, नवीन कोर्स करावा का, आणि भारतीय पासपोर्ट असताना परदेशी विद्यार्थी मिळतील का. मी घोडबंदर रोडला राहते, हेच काम करते आणि सासूबाईंच्या आजारपणात माझंही शिकवणं बराच काळ पूर्ण बंद होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेटचं आधी सांगून टाकते. सेल्टा एक्स्पायर होत नाही. 120 तासांचा कोर्स आणि त्यातले सहा तास प्रत्यक्ष वर्गात शिकवून दाखवलेले, हे एकदा झालं की झालं. आयईएलटीएस या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर दोन वर्षांनी जुना होतो त्यामुळे बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो, पण ती परीक्षा विद्यार्थ्याची, ही शिक्षकाची पात्रता, दोन्हीचा संबंध नाही. त्यामुळे परत लाखभर रुपये घालून तोच कोर्स करायचा विचार डोक्यातून काढून टाका. डेल्टा त्याच्या पुढचा आहे, तीन मॉड्यूल असतात आणि कुठलंही आधी करता येतं, पण त्यातलं मॉड्यूल टू म्हणजे चालू वर्गात शिकवतानाचं मूल्यमापन आणि तुमच्याकडे आज वर्गच नाहीये, म्हणून ते दोनेक वर्षांनी बघा. हातात काहीतरी ताजं सर्टिफिकेट हवंच वाटत असेल तर टीकेटी ही केंब्रिजचीच शिक्षकांची परीक्षा द्या, 80 प्रश्नांचा 80 मिनिटांचा पेपर, नापास नसतं, एक ते चार बँड मिळतात. पण मनापासून विचाराल तर तेही आत्ता नको.

कारण गॅपनंतर आपण सगळे एकच करतो, कपाटातली ग्रामरची पुस्तकं बाहेर काढतो, वेबिनारना नावं नोंदवतो, लेसन प्लॅनचे फोल्डर लावत बसतो, आणि त्यात तीन-चार महिने कुठे जातात कळत नाही आणि भीती मात्र तेवढीच राहते. प्रेझेंट परफेक्ट तुम्ही विसरलेला नाहीत. कन्सेप्ट चेक करायचे, म्हणजे अर्थ कळलाय का ते बघायचे प्रश्न कसे विचारायचे, ड्रिल, म्हणजे वाक्य पुन्हापुन्हा म्हणवून घेणं, कसं घ्यायचं, हेही विसरलेला नाहीत, अर्ध्या तासात आठवतं. जे खरंच गंजतं ते म्हणजे कान. समोरचा माणूस अडखळत बोलतोय, एका वाक्यात त्याच्या चार चुका झाल्यात आणि त्यातली आत्ता कुठली धरायची, कुठली सोडून द्यायची, कुठली वहीत लिहून शेवटी घ्यायची, हा निर्णय आपण चालू वर्गात क्षणात घेत असतो आणि तो पुस्तक वाचून परत येत नाही. तो फक्त माणूस समोर बसवल्यावर येतो. म्हणून माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे की आधी एक विद्यार्थी मिळवा, एकच, आठवड्याला दोन तास, आणि बाकी सगळं त्या तासांच्या आजूबाजूला रचा.

दुसरी गोष्ट जी गॅपमध्ये जाते ती म्हणजे गप्प बसणं. घरात लहान मुलाबरोबर सहा वर्षं काढल्यावर आपल्याला सतत बोलायची, वाक्य पूर्ण करून द्यायची सवय लागते, आणि वर्गात नेमकं तेच करायचं नसतं. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून बघितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब येतात, न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. परक्या भाषेत तर हे अजूनच लागू, कारण समोरच्याला प्रश्न कळायलाच वेळ लागतो. मनात तीन मोजा, हे सांगायला सोपं आहे पण ऑनलाइन क्लासमध्ये ती शांतता इतकी अंगावर येते की हात आपोआप म्यूट-अनम्यूटकडे जातो. थांबा तरीही. विद्यार्थ्याला विचारून पहिले काही लेसन रेकॉर्ड करा आणि सुरवातीची दहा मिनिटं फक्त एवढंच ऐका की कोण किती बोलतंय. बाकी काही नोंदवू नका, एवढ्याने पुढचा लेसन सुधारतो.

आता भारतीय असण्याचं. इथे मला जरा पोटतिडकीने लिहावंसं वाटतं, कारण चांगल्या चांगल्या बायका या एका मुद्द्यावर माघार घेतात. अडचण खरी आहे हे आधी मान्य करते. कोरियात शिकवायचा ई-2 व्हिसा साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो, तिथे आपली हुशारी उपयोगाची नाही. ऑनलाइन साइटवरही काही जण फक्त नेटिव्ह स्पीकर, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले, असा फिल्टर लावून शोधतात. पण युरोपात जी ए1 ते सी2 अशी पातळ्यांची चौकट वापरतात, तिची सुधारलेली आवृत्ती काउन्सिल ऑफ युरोपने 2018 ला आणि मग 2020 ला काढली, त्यात वर्णनांमधला नेटिव्ह स्पीकरचा उल्लेखच काढून टाकला. म्हणजे कुणासारखं बोलता येतं हे मोजायचं नाही, काय काम करता येतं ते मोजायचं. मुलाखतीत कोणी हा विषय काढला तर हे शांतपणे सांगता येतं.

आणि खरं सांगू, मराठी असण्याचा मला शिकवताना जो फायदा होतो तो मी कुणाला देणार नाही. माझ्याकडे जपानी विद्यार्थिनी आहेत. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. टोकियोला जाते, यातला ला जसा नावाच्या मागे लागतो तसंच त्यांचंही. हो-नाहीचा प्रश्न करायचा तर वाक्य तसंच ठेवून शेवटी ‘का’ लावायचं, हेही आपल्यासारखंच. इंग्रजीतली ए आणि द ही भानगड दोघांकडेही नाही. त्यामुळे ती वाक्याच्या मध्ये अडकते तेव्हा ती नेमकी कुठे अडकली हे मला आतून कळतं, तिच्या डोक्यात सगळं वाक्य तयार असतं, फक्त क्रियापद टोकाला बसलेलं असतं आणि इंग्रजीत ते आधी ओढून आणावं लागतं. मग मी तिला आधी कर्ता आणि क्रियापद एवढंच बोलायला लावते, आय वेन्ट, शी बॉट, ही फरगॉट, आणि पुढचं नंतर जोडत जायचं. कोरियन विद्यार्थ्यांनाही हे चालतं, त्यांचंही क्रियापद शेवटी. मस्कतच्या अनुभवामुळे अरबी बोलणाऱ्यांचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तो प आणि ब चा घोळ, आणि वर्तमानकाळात इज-आर गाळणं. ते सगळं तुमच्या प्रोफाइलमध्ये लिहा. अनुभवी शिक्षिका, मनमिळाऊ स्वभाव असं लिहून काही कळत नाही, अरबी भाषिकांना चार वर्षं की किती ते शिकवलंय आणि त्यांच्या अडचणी ओळखीच्या आहेत, हे लिहिलं की ज्याला हवं तो बरोबर थांबतो.

उच्चारांची भीती असेल तर तेही थोडं. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली मांडलं होतं की जगभरचे बिगर-इंग्रज लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा थिंक-मधला थ इंग्रजांसारखा नसला तरी कोणाचं काही अडत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ स्वर, शब्दाच्या सुरवातीची जोडाक्षरं आणि वाक्यात नेमका जोर कुठल्या शब्दावर आहे, हे चुकलं की समजत नाही. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं आपल्याला जमतात. जोराचं मात्र आपण मराठी लोकांनी लक्ष ठेवून सुधारायला हवं, आपण सगळे शब्द सारख्याच वजनाने बोलतो. रोज पाच मिनिटं बातम्यांतला एखादा तुकडा ऐकून तसाच मोठ्याने म्हणायचा, एवढं पुरे.

मधल्या काळात काय बदललं ते पटकन सांगते. 2021 च्या जुलैमध्ये चीनने खाजगी शिकवण्यांवर नियम आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून तिथल्या मुलांना ऑनलाइन शिकवायचं जे प्रचंड मोठं मार्केट होतं ते जवळजवळ बंद झालं, त्यामुळे 2019 च्या कोणाच्या सल्ल्यावर जाऊ नका. त्यातले बरेच शिक्षक प्रेप्ली, आयटॉकीसारख्या खाजगी शिकवणीच्या साइटवर आले, म्हणून तिथे गर्दी आहे आणि सुरवातीला रेट खाली ठेवावा लागतो. कमिशन किती आणि ट्रायल लेसनचे पैसे कोणाला, हे जॉइन व्हायच्या आधी नीट वाचा. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा 2023 पासून दोन तासांच्या आत आली. आणि 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, त्यानंतर घरून लिहून आणलेल्या निबंधावरून विद्यार्थ्याची पातळी ओळखणं संपलं. मी लिखाण आता समोरच करून घेते, दहा मिनिटं, वेडंवाकडं, मग तो ते घरी नेऊन हवं तर एआयकडून तपासून घेतो आणि पुढच्या वेळी काय बदललं आणि का ते मला तोंडी सांगतो. त्यात तो खरंच शिकतो.

पहिला विद्यार्थी कुठे मिळेल? ठाण्या-नवी मुंबईत परदेशी कुटुंबं थोडी आहेत पण आहेत. हिरानंदानी इस्टेट, इकडे पातलीपाड्याच्या बाजूला, तिकडे पाम बीच रोड, सीवूड्स. नवऱ्याची पोस्टिंग असते आणि बायको दिवसभर घरी असते, तिला डॉक्टरशी, शाळेशी, कामाच्या बाईंशी बोलायचं असतं. या लोकांपर्यंत जाहिरात पोचत नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरून किंवा मुलांच्या शाळेतल्या दुसऱ्या आईकडूनच पोचतं, तर तिथे सांगून ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे परदेशात जायची तयारी करणाऱ्या नर्सेस. काटेकोर बघितलं तर ते परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं नाही, आपल्याकडे ती कानावर पडतच असते, पण हात बसायला फार छान काम आहे. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं तिन्हीत 7 आणि लिखाणात 6.5 लागतात, किंवा मग ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा, ज्यात पेशंटबद्दलचं पत्र लिहायचं असतं आणि बोलण्यात दोन रोलप्ले असतात. बारा तासांची ड्युटी करून ट्रान्स हार्बरच्या लोकलने उभ्याने घरी येणाऱ्या मुली असतात या, लिखाणातल्या अर्ध्या बँडसाठी अडकलेल्या असतात, आणि त्यांना तुमची खरी गरज असते. फुकट मात्र शिकवू नका, कमी घ्या पण घ्या, फुकटच्या तासाला लोक हमखास दांडी मारतात.

ऑनलाइन करायचं ठरलं तर मुलीच्या वेळेवर देश निवडा. जपान-कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे ऑफिस सुटून रात्रीचे आठ वाजले की आपले साडेचार, मुलगी खेळायला खाली गेलेली असते तेव्हा एक तास मिळून जातो. दुपारी ती शाळेत असताना त्यांची संध्याकाळ सुरू होते, तोही चालतो. तुमचे ओमानचे जुने विद्यार्थी दीड तास मागे, त्यांची रात्रीची आठची वेळ म्हणजे आपली साडेनऊ, ती झोपल्यावर. त्यांच्यापैकी ज्यांचे नंबर असतील त्यांना याच आठवड्यात मेसेज करा, मी परत सुरू करतेय, कोणी ओळखीचं असेल तर सांगा, एवढाच. मला स्वतःला परत आल्यावरचा पहिला विद्यार्थी असाच मिळाला, जुन्या विद्यार्थिनीच्या मैत्रिणीचा भाऊ.

आणि त्या पहिल्या लेसनला मोठी तयारी नको. वीस मिनिटं त्याला त्याच्या कामाबद्दल बोलू द्या, तुम्ही फक्त लिहून घ्या, मग त्याचीच पाच-सहा वाक्यं स्क्रीनवर टाका, त्यातली दोन बरोबर असलेलीही घ्या, आणि कुठली बदलायची ते त्यालाच शोधू द्या. शेवटी परत तोच विषय पाच मिनिटं बोलायला सांगा. पुढच्या लेसनचा प्लॅन तुमच्या त्या कागदावरच तयार झालेला असतो. मुलाखतीत गॅपबद्दल विचारतील तेव्हा मुलगी लहान होती असं एका वाक्यात सांगा आणि लगेच या आत्ताच्या विद्यार्थ्यावर या, त्याला काय येत नव्हतं, तुम्ही काय केलंत, आता काय येतं. डेमो लेसनही त्यातूनच काढा.